यूरमूर: नॉर्वेच्या सुईणीच्या नावात जमीन कुठून आली?

नॉर्वेजियन भाषेत सुईणीला जो शब्द आहे तो कानाला बडबडगीतातल्या जोडशब्दासारखा लागतो: यूरमूर. लिहिताना त्यात एक 'द' असतो, 'योर्दमोर' असा. बोलताना तो गळतो. शब्दाचे दोन तुकडे अगदी सरळ दिसतात. 'यूर' म्हणजे जमीन, माती, पृथ्वी. 'मूर' म्हणजे आई. नॉर्वेजियन नव्याने शिकणाऱ्याला हे दोन्ही शब्द पहिल्या काही दिवसांतच भेटतात. मग कधीतरी ते जोडून समोर येतात आणि प्रश्न पडतो, की बाळंतपण करणाऱ्या बाईचा मातीशी काय संबंध?

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे धरणीमाता. पृथ्वी सगळ्यांना जन्म देते, सुईण त्या पृथ्वीची प्रतिनिधी, म्हणून ती भू-माता. ऐकायला हे उत्तर फार छान वाटतं आणि म्हणूनच ते टिकून आहे. पण शब्दाचा माग काढत मागे गेलं की हाती लागते ती देवी नव्हे, घरातली साधी जमीन, जिच्यावर पेंढा पसरलेला आहे आणि एक बाई गुडघ्यांवर बसून कळा सोसते आहे. कदाचित तीही नव्हे. कदाचित या शब्दात मुळात जमीन नव्हतीच.

आधी शब्दाचे दोन अवयव पाहू. 'योर्द' हा जर्मानिक भाषाकुळातला जुना शब्द आहे. इंग्रजीतला 'अर्थ' आणि जर्मनमधला 'एर्डे' हे त्याचे सख्खे भाऊ. उत्तरेकडच्या भाषांत सुरुवातीचा 'ए' फुटून त्याचा 'य'युक्त स्वर झाला, म्हणून तिथे 'योर्द'. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथांत याच नावाची देवी आहे आणि ती थॉर या देवाची आई. म्हणजे पृथ्वी आणि आई यांची जोडी त्या भूमीत खरोखरच होती, त्यामुळे धरणीमातेचा मोह अभ्यासकांनाही पडला तर नवल नाही. दुसरा अवयव आपल्याला अधिक जवळचा. 'मूर' हे 'मोदर'चं झिजलेलं रूप, आणि 'मोदर' म्हणजे संस्कृतातल्या 'मातृ'चीच बहीण. मधला 'द' बोलता बोलता निघून गेला. वडिलांचंही तसंच झालं, 'फादर'चं 'फार'. आपल्याकडे संस्कृत 'माता'मधला 'त' प्राकृतात गळून 'माआ' झाली आणि तिची 'माय' झाली. हजारो मैल दूर दोन भाषांनी आईच्या शब्दातलं मधलं व्यंजन असंच सोडून दिलं.

या 'आई'बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथे 'मूर' म्हणजे जन्मदात्री नव्हे. गावातल्या वडीलधाऱ्या, अनुभवी बाईला मानाने आई म्हणायचं, तो हा अर्थ. स्वीडिशमध्ये याच शब्दाचं जुनं भावंड आहे, 'योर्देगुम्मा', आणि 'गुम्मा' म्हणजे म्हातारी बाई. कुठे आई, कुठे म्हातारी, म्हणजे शब्दाचा उत्तरार्ध बदलता होता. तिथे कोणतीही मानाची बाई चालत होती. पूर्वार्ध मात्र दोन्हीकडे तोच. खरं कोडं त्या 'योर्द'मध्ये आहे.

त्यासाठी एका जुन्या कवितेकडे जावं लागतं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलँडमध्ये लिहिलेल्या एका हस्तलिखितात नॉर्स देव-वीरांच्या कविता जपल्या गेल्या. त्यांतली एक ओद्रून नावाच्या राजघराण्यातल्या बाईची आहे. बोर्गन्यू नावाची राजकन्या अडलेली आहे. तिच्या वेणा थांबत नाहीत आणि कुणाचा इलाज चालत नाही. ओद्रूनच्या कानावर ही बातमी जाते. ती घोड्यावर खोगीर घालते, दौडत येते, खोगीर उतरवते आणि लांबलचक दालनातून थेट आत जाते. काय चाललंय हे विचारते, आणि पुढे फारसं न बोलता त्या मुलीच्या गुडघ्यांसमोर जाऊन बसते. मग ती मंत्र म्हणते, जोरकस मंत्र, तीक्ष्ण मंत्र. शेवटी एक मुलगी आणि एक मुलगा जन्माला येतात. कवी 'जन्मले' असं म्हणत नाही. तो म्हणतो, त्या दोघांनी मातीच्या वाटेवर पाय मारले.

मातीच्या वाटेवर. 'मोल्दवेग' हा तिथला शब्द, आणि 'मोल्द' म्हणजे माती. पृथ्वीचा तो काव्यातला पर्याय असेलही, पण दृश्य डोळ्यांपुढे आणलं तर ते अगदी शब्दशः उभं राहतं. आई गुडघ्यांवर, मदतनीस बाई तिच्या समोर जमिनीवर, आणि मूल खाली येतं ते जमिनीवरच. 'खाली येणं' हाही योगायोग नाही. नॉर्वेजियनमध्ये बाळंत होण्याला आजही एक जुना, जरा औपचारिक शब्द आहे, 'नेदकोम्स्त', म्हणजे अक्षरशः खाली येणं. लाकडी घरातली जमीन, तीवर पेंढा, जवळ शेगडीची ऊब. बाज आणि अंथरूण हे त्यानंतरचं, बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी. गुडघ्यांवरच्या बाळंतपणासाठी डॅनिशमध्ये वेगळा शब्दच आहे आणि ही पद्धत उत्तरेकडच्या खेड्यांत फार उशिरापर्यंत टिकली. ऑस्ट्रियातून नॉर्वेत येऊन स्थायिक झालेल्या लिली वायझर-आल यांनी गरोदरपण आणि बाळंतपणाच्या नॉर्वेजियन लोकपरंपरेवर 1968 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्यामागे 1946 पासून गावोगावी प्रश्नावल्या पाठवून गोळा केलेल्या लोकस्मृतींचं मोठं भांडार होतं. असं काम वेळेवर झालं नसतं तर या बायकांच्या हातांची भाषा त्यांच्याबरोबरच गेली असती.

तर जमिनीचं पहिलं स्पष्टीकरण हे: जमिनीवर पडलेलं मूल जी उचलते ती यूरमूर. डॅनिश आणि नॉर्वेजियन कोशांनी बहुधा हाच अर्थ दिला आहे आणि मला तो पटतो, कारण तो कामातून आलेला आहे. लोक नाव ठेवतात ते दिसणाऱ्या हालचालीवरून. शेजारच्या जर्मन भाषेचा पुरावाही याच बाजूचा. तिथे सुईणीला 'हेबामे' म्हणतात. आज तो शब्द 'उचलणं' आणि 'दाई' अशा दोन शब्दांचा जोड वाटतो, पण त्याचं हजार वर्षांपूर्वीचं रूप 'हेविआन्ना' होतं. त्याच्या पहिल्या भागात उचलण्याची क्रिया आहे. शेवटच्या भागाबद्दल दोन मतं आहेत. कुणी त्यात आजी पाहतात, कुणी नुसता 'उचलणारी' असा प्रत्यय. म्हणजे जर्मन सुईण उचलते आणि नॉर्वेची सुईण ज्या जागेवरून उचलते त्या जागेचं नाव धारण करते. एकाच कामाचे हे दोन तुकडे दोन भाषांनी वाटून घेतले आहेत.

मात्र यापुढे कोशांमध्ये एक शेपूट जोडलेलं आढळतं. सुईण मूल जमिनीवरून उचलून बापाच्या हाती देई, बापाने ते स्वीकारलं तरच ते घरचं ठरे, आणि या विधीवरून हे नाव पडलं. इथे मात्र जपून पाऊल टाकायला हवं.

या कथेची मुळं रोममध्ये आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने मूर्तिपूजकांच्या असंख्य देवतांची खिल्ली उडवताना लेवाना नावाच्या देवीचा उल्लेख केला. मुलांना जमिनीवरून उचलणारी ती लेवाना. त्या एका ओळीवर विद्वानांनी पुढे मोठी इमारत उभी केली. रोमन बाप नवजात मुलाला जमिनीवरून उचलून आपलं म्हणत असे, न उचललेलं मूल टाकून दिलं जाई, अशी ती समजूत. 1905 मध्ये आल्ब्रेख्त डीटेरिख या जर्मन अभ्यासकाने धरणीमातेच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला आणि मूल जमिनीवर ठेवण्याची चाल या उपासनेशी जोडली. त्या काळात हा विचार फार गाजला. अलीकडच्या इतिहासकारांनी मात्र रोमन बापाच्या त्या समारंभाबद्दलच शंका उपस्थित केल्या आहेत. मूल 'उचलणं' म्हणजे त्याला वाढवणं, असा तो साधा वाक्प्रचार असावा आणि आपण त्यातून अख्खा विधी कल्पिला असावा, असं त्यांचं म्हणणं.

उत्तरेकडे बापाची मान्यता लागत होती, हे खरं. नॉर्स गद्यकथांत मूल बापाकडे 'नेलं' जातं, त्याच्यावर पाणी शिंपडून नाव ठेवलं जातं. बाप कधी 'टाकून द्या' असंही सांगतो. पाणी शिंपडल्यानंतर मुलाला मारणं हा खून मानला जाई, असं एक कथा स्पष्टच सांगते. इ.स. 1000 च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा दोन गोष्टींची सूट मागून घेतली होती: घोड्याचं मांस खाणं आणि नको असलेली मुलं उघड्यावर टाकणं. काही वर्षांतच ती सूट गेली. तर तो काळ कोवळा नव्हता, आणि सुईणीच्या ओंजळीतलं मूल कुठे जाणार हे खरोखरच बापाच्या शब्दावर ठरत असे. पण या कथांत महत्त्व आहे ते पाण्याला, नावाला आणि बापाजवळ नेण्याला. जमिनीवरून उचलण्याच्या विधीला नाही. म्हणून माझं मत असं की 'यूरमूर'मधली जमीन विधीची नाही, सोयीची आहे. जिथे मूल पडतं ती जागा, बस्स.

आणि आता दुसरी शक्यता, जी मला सगळ्यात जास्त हुरहुर लावते.

जुन्या नॉर्समध्ये नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी एक शब्द होता: 'योध'. उच्चारात तो 'योर्द'ला किती जवळ आहे हे वाचतानाच कळतं, फरक फक्त मधल्या रफाराचा. या शब्दाचं सगळं घराणं बाळंतपणाच्या खोलीतलं. कळा देणारी बाई ती 'योध-आजारी', आणि वेणा म्हणजे 'योध-दुखणं'. रीग देवाच्या भटकंतीवरची एक जुनी कविता आहे, तिच्यात समाजाच्या तीन थरांचा जन्म सांगितला आहे. पहिल्या घरी पणजी, दुसऱ्या घरी आजी, तिसऱ्या घरी आई. पणजीला मूल होतं तेव्हा कवी म्हणतो, पणजीने योध जन्माला घातलं, त्यावर पाणी शिंपडलं, त्याचं नाव गुलाम. आजीच्या वेळीही तीच ओळ, योध आणि पाणी. तिसऱ्या, उमरावाच्या घरी मात्र 'योध' नाही. तिथे आईला 'मुलगा' होतो आणि त्याला रेशमात गुंडाळतात. वाचताना मला नेहमी वाटतं की 'योध' हा शब्द तेव्हाच जरा जुनाट, घरगुती, स्वयंपाकघरातला झाला असावा. अशा शब्दांचं आयुष्य लांब नसतं.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं की सुईणीचं मूळ नाव 'योध'वरून होतं, म्हणजे 'बाळ-माय'. पुढे 'योध' हा शब्द बोलण्यातून गेला. पण सुईण गेली नाही, तिला हाक मारावीच लागत होती. नावाचा पहिला भाग कुणाला कळेना, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी त्याच आवाजाचा ओळखीचा शब्द बसवला, 'योर्द'. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि ती सगळ्या भाषांत चालते. मॅक्सम्यूलरच्या नावाचं आपल्याकडे 'मोक्षमूलर' झालं ते असंच. कानाला परका आवाज आला, मनाने त्यात ओळखीचं मूळ शोधलं. जर्मन 'हेविआन्ना'चंही तसंच झालं; तिची जुनी शेपटी कळेनाशी झाल्यावर लोकांनी तिथे 'आमे', म्हणजे दाई, बसवली.

या मताच्या विरोधातही एक वजनदार गोष्ट आहे. 'योध' आपल्याला भेटतो तो मुख्यतः आइसलँड आणि नॉर्वेच्या, म्हणजे पश्चिमेच्या जुन्या वाङ्मयात. 'योर्देमोदर' आणि 'योर्देगुम्मा' हे शब्द मात्र डेन्मार्क-स्वीडनचे, पूर्वेचे. हरवलेला शब्द जिथे हरवला म्हणतात तिथे तो होता हे आधी दाखवावं लागतं. म्हणून मी स्वतः पेंढा पसरलेल्या जमिनीच्या बाजूने झुकतो. पण 'बाळ-माय' ही शक्यता मनातून पुरती जात नाही.

गंमत म्हणजे नॉर्वेच्या खेड्यांत पूर्वी हा शब्दच नव्हता. तिथली सुईण होती 'नॅरकूने', म्हणजे जवळची बाई, जवळ असणारी बाई. जुन्या नॉर्वेजियन कायद्यांतही हा शब्द येतो. इंग्रजीतल्या 'मिडवाइफ'चा अर्थही हाच: 'मिड' म्हणजे सोबत आणि 'वाइफ' म्हणजे तेव्हाच्या भाषेत कुठलीही बाई. सोबतीण. मला हा अर्थ फार खरा वाटतो. ज्यांनी घरचं बाळंतपण पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात पुष्कळसा वेळ काहीच करायचं नसतं, फक्त जवळ राहायचं असतं. आइसलँडमध्ये याच कामाला 'इविरसेतुकोना' म्हणत, शेजारी बसून राहणारी बाई. लॅटिन 'ऑबस्टेट्रिक्स' म्हणजे समोर उभी राहणारी. फ्रेंच 'साज-फाम' आणि डच 'व्रूतव्राउ' म्हणजे शहाणी बाई. आणि आइसलँडमध्ये आज जो शब्द चालतो तो 'ल्योसमोधिर', प्रकाशाची आई, कारण ती मुलाला उजेडात आणते. 2013 मध्ये आइसलँडच्या लोकांनी आपल्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द म्हणून त्याचीच निवड केली.

इथे थोडं थांबून डॉक्टरच्या शब्दाकडे पाहावं, कारण फरक डोळ्यांत भरतो. नॉर्वेजियनमध्ये डॉक्टर म्हणजे 'लेगे', जुन्या नॉर्समध्ये 'लेक्निर'. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत बायबल आणलं, त्यात हाच शब्द 'लेकेइस' म्हणून आहे. जुन्या इंग्रजीत तो होता, स्वीडिशमध्ये आजही आहे. स्वीडिशमधून तो फिनिशमध्ये 'लाकारी' होऊन गेला. जर्मानिक लोकांकडून तो स्लाव्ह भाषांत गेला आणि पोलिश, चेक डॉक्टर त्याच नावाने ओळखले जातात. अर्ध्या युरोपभर वैद्याला एक शब्द पुरला. सुईणीला मात्र दर दोनशे मैलांवर नवं नाव. नॉर्वेत जमीन, स्वीडनमध्ये आज 'बार्नमोर्स्का' म्हणजे मूल, आइसलँडमध्ये प्रकाश, जर्मनीत उचलणं, हॉलंडमध्ये शहाणपण. मला याचं कारण असं दिसतं की वैद्य गावोगाव हिंडत, पोथ्या बाळगत, राजाच्या दरबारी जात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा शब्दही हिंडे. सुईणीचं ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात, एकाच खोऱ्यात फिरत राहिलं. प्रत्येक खोऱ्याने आपली बाई पाहिली आणि आपल्या डोळ्यांनी तिला नाव दिलं.

आपल्या 'सुईण'ची गोष्टही याच डोळ्यांची. ती 'सू' या धातूच्या घराण्यातली आहे, जन्म देणं हा त्याचा अर्थ; प्रसूती, सूतिका हे शब्द तिथलेच. संस्कृतात मुलाला 'सूनु' म्हणतात तेही यावरूनच. आणि हा धातू नॉर्वेतही पोहोचलेला आहे, पण सुईणीच्या नावात नव्हे. नॉर्वेजियनमध्ये मुलगा म्हणजे 'सन्', आणि तो 'सूनु'चा सख्खा चुलतभाऊ आहे. म्हणजे आपल्या सुईणीच्या नावातलं मूळ तिकडे बाळाच्या अंगावर गेलं.

मग 'नॅरकूने'च्या देशात 'यूरमूर' आली कशी? ती डेन्मार्कहून आली, आणि चर्चच्या दारातून आली. नॉर्वे चारशेहून अधिक वर्षं, 1814 पर्यंत, डॅनिश राजाच्या सत्तेखाली होता आणि लिहिण्याची भाषा हळूहळू डॅनिशच झाली. धर्मसुधारणेनंतर 1537 मध्ये लॅटिनमध्ये आणि 1539 मध्ये डॅनिशमध्ये चर्चची नवी नियमावली आली, तिच्यात सुईणींसाठी स्वतंत्र भाग होता. चर्चला सुईणीची इतकी काळजी का, असं वाटेल. कारण होतं बाप्तिस्मा. मूल दगावतंय असं दिसलं तर पाद्री येईपर्यंत थांबता येत नसे, तेव्हा जवळ असलेल्या बाईनेच पाणी शिंपडून योग्य शब्द उच्चारायचे होते. ते शब्द तिला बिनचूक यावेत, ती बाई श्रद्धाळू आणि चांगल्या चालीची असावी, ही पाद्र्याची जबाबदारी ठरली. थोडक्यात, पाणी शिंपडण्याचं जे काम नॉर्स घरांत मुलाला माणसांत घेत होतं, तेच आता सुईणीच्या हाती ख्रिस्ती रूपात आलं. आणि पाद्री ज्या भाषेत वाचत होता त्या भाषेतलं तिचं नाव गावात शिरलं.

चर्चच्या मागून राज्यसत्ता आली. 1714 च्या राजाज्ञेने सुईणींची परीक्षा घेण्याची व्यवस्था घातली. 1810 च्या नियमावलीने नॉर्वेची सुईण-विभागांत वाटणी केली आणि पैसे घेऊन बाळंतपण करण्याचा हक्क शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या बायकांकडे नेला. तोवर शिकायचं तर कोपनहेगनला जावं लागे. 1818 मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, प्रसूतिगृह आणि सुईणींची शाळा सुरू झाली. मॅग्नस आंद्रेआस थुल्स्ट्रुप हे शल्यवैद्य तिचे पहिले प्रमुख. 1861 मध्ये बर्गनला दुसरी शाळा निघाली. 1898 मध्ये सुईणींसाठी कायदा झाला आणि 1908 मध्ये त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

या तारखांच्या आड एक फूट आहे आणि ती शब्दांत उमटलेली आहे. दाखला घेऊन आलेली ती यूरमूर. गावात आधीपासून असलेली ती आता 'येल्पेकूने', म्हणजे नुसती मदतीची बाई. कालपर्यंत दोघी एकच होत्या. दऱ्याखोऱ्यांत, फ्योर्डच्या पलीकडे, बर्फात वाट बंद असताना बायका ओळखीच्या मदतनिसालाच बोलावत राहिल्या, कायद्याला ते मान्य नसलं तरी. शिकलेली सुईण अनेकदा तरुण आणि परगावची. तिचं बोलणं वेगळं, तिची हत्यारं वेगळी. तिच्याकडे ज्ञान होतं, आणि तिने पुढे असंख्य बायका-मुलांचे जीव वाचवले यात शंका नाही. पण 'जवळची बाई' हा शब्द मागे पडला तेव्हा त्या शब्दातली जवळीकही तपासून पाहिली जात होती, असं मला वाटतं. 'यूरमूर' हा शब्द नॉर्वेजियन मनात आज इतका उबदार आहे की तो एकेकाळी सरकारी कागदावरचा, बाहेरून आलेला शब्द होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती ऊब त्या बायकांनी कमावली. स्की लावून, होडीतून, रात्री-अपरात्री जाऊन कमावली.

बाळंतपणाच्या भोवतालचे इतर शब्दही असेच जुनं घर सांभाळून आहेत. बाळंतिणीच्या काळाला आणि त्या निमित्ताच्या मेजवानीला नॉर्वेजियनमध्ये 'बार्सेल' म्हणतात. कामावरच्या बाईला मिळणारी बाळंतपणाची रजा तीही 'बार्सेल'चीच. हा शब्द झिजण्याआधी 'बार्न्स-ओल' होता, म्हणजे बाळाची बिअर! मूल झालं की घरी खास बिअर गाळून शेजारपाजार जमवायचा, त्यावरून. शेजारणी बाळंतिणीसाठी लाकडी, नक्षीदार बादलीतून आंबट सायीची घट्ट लापशी घेऊन जात. डिंकाचे लाडू आणि अळीव यांची सवय असलेल्या घरांना यातलं प्रेम समजावून सांगायला नको.

विसाव्या शतकात शुद्धलेखनाच्या सुधारणांनी डॅनिश वळण उतरवलं, 'योर्देमोदर'चं 'योर्दमोर' झालं आणि लिखाण बोलण्याच्या जवळ आलं. त्याच शतकात बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. मग व्यवसायांची नावं बदलू लागली. पूर्वी परिचारिकेला 'स्यूकेसोस्टर' म्हणत, आजाऱ्यांची बहीण; आपल्या दवाखान्यांतली 'सिस्टर' त्याच घराण्यातली. तिच्या जागी 'स्यूकेप्लेयर' आला, आजाऱ्यांची काळजी घेणारा किंवा घेणारी. शाळेत आणि बालआरोग्य केंद्रात काम करणारी 'हेल्सेसोस्टर', आरोग्याची बहीण, ती 1 जानेवारी 2019 पासून अधिकृतपणे बदलली. तिच्याही नावातली बहीण जाऊन परिचारिका आली. म्हणजे दोन्ही नावांतल्या बहिणी गेल्या. आई मात्र राहिली. 1999 च्या आरोग्यसेवक कायद्यात परवाना लागणाऱ्या व्यवसायांच्या नावांत 'योर्दमोर' आहे, आणि हे शिक्षण घेतलेला पुरुषही योर्दमोरच असतो. त्याच्या नावातली आई कुणाला खटकत नाही असं नाही. पण ज्या शब्दात 'आई'चा अर्थ सुरुवातीपासूनच जन्मदात्री असा नव्हता, त्यात पुरुषाला जागा मिळणं मला व्युत्पत्तीच्या अंगाने तरी अवघड वाटत नाही.

आजच्या नॉर्वेतल्या प्रसूतिगृहांत उंच पलंग असतो, आणि बसून बाळंत होण्यासाठी बुटकं स्टूलही असतं. काही बायका पलंगावर जात नाहीत. जमिनीवर चटई अंथरतात, त्या गुडघ्यांवर बसतात, पुढे ओणवतात. तेव्हा यूरमूरही चटईवर उतरते, गुडघे टेकून समोर बसते आणि दोन्ही हात खाली धरते.